वाचून दाखवायची पीपीटी आणि लपवायची पीपीटी

परवा एका मैत्रिणीने तिची पीपीटी पाठवली, "जरा नजर टाक गं" म्हणून. ४२ स्लाइड्स. प्रत्येक स्लाइडवर सहा-सात बुलेट, अक्षर एवढं बारीक की मलाच लॅपटॉप जवळ ओढावा लागला, आणि प्रत्येक बुलेट डावीकडून गरगरत येतोय. तिला काय बोलणार मी? माझी स्वतःची शिकवण्याची पहिली काही वर्षं हेच करण्यात गेलीत. पुस्तकातला धडा उचलायचा, वाक्यं तोडायची, आधी ठिपका द्यायचा, झाली पीपीटी. मग वर्गात भिंतीकडे तोंड करून तेच वाचायचं.

माझं डोकं ठिकाणावर आणलं ते एका मुलाने. मी आपली तिसरा मुद्दा रंगवून सांगत होते आणि मागून आवाज आला, "मॅडम, आमचं लिहून झालं, पुढची लावा ना." म्हणजे मी बोलते आहे हे त्याच्या लेखी नव्हतंच! स्लाइड लागली, त्याने उतरवून घेतली, संपलं. राग आला खरं तर, पण घरी येऊन विचार केल्यावर वाटलं की बरोबरच आहे त्याचं. सगळं जर समोर लिहिलेलंच आहे तर मी तिथे कशाला उभी आहे?

यावर अभ्यासही झालेला आहे बरं का. रिचर्ड मेयर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, चित्रं आणि शब्द एकत्र आले की माणूस कसा शिकतो यावर त्यांनी पुष्कळ काम केलंय. त्यांच्या प्रयोगांत असं दिसलं की चित्र दाखवून तोंडाने समजावलं तर लोकांना जास्त कळतं, आणि तेच बोलणं शब्दशः पडद्यावरही लिहिलं तर उलट कमी. कारण डोळे वाचायला लागतात, कान ऐकायला लागतात, आणि दोघांचा वेग जुळत नाही. आपण स्वतः कुणाच्या लेक्चरला बसलो की हा अनुभव येतोच, समोरचा दुसऱ्या ओळीवर असतो आणि आपण शेवटची वाचून मोबाइल काढलेला असतो.

मुळात पीपीटी ज्यात बनते ते पॉवरपॉइंट हे सॉफ्टवेअर वर्गासाठी बनलंच नव्हतं. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीत ते बनवलं, आधी नाव होतं प्रेझेंटर, मग ट्रेडमार्कच्या भानगडीमुळे पॉवरपॉइंट झालं. १९८७ साली ते मॅकिंटॉशवर आलं, तेही ब्लॅक अँड व्हाइट, आणि त्यावरून ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या त्या पारदर्शक शीट छापायच्या. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतली. गिऱ्हाईक कोण, तर मीटिंगमध्ये आपलं म्हणणं गळी उतरवणारे ऑफिसातले लोक. त्यामुळे नवीन स्लाइड उघडली की वर शीर्षक आणि खाली ठिपके असा साचा आजही तयारच समोर येतो आणि आपण मुकाट तो भरत बसतो. मी आता पहिलं काम काय करते तर लेआउटमध्ये जाऊन ब्लँक घेते. कोरी स्लाइड समोर आली की निदान विचार तरी करावा लागतो.

माझं मत सांगू? वर्गात पीपीटीचा खरा उपयोग लपवायला होतो. दाखवायला फळा आहे, पुस्तक आहे, मुलांच्या हातात फोन आहेत. पण एखादी गोष्ट अर्धी झाकून ठेवायची, मुलांना अंदाज करू द्यायचा, भांडू द्यायचं, आणि मग बरोबर वेळेला उघडायची, हे पीपीटीइतकं सोपं कशातच नाही.

सगळ्यात साधी लपवाछपवी म्हणजे बी हे बटण. स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवर बी दाबा, पडदा काळा. परत दाबा, स्लाइड हजर. डब्ल्यू दाबलं की पांढरा. बऱ्याच रिमोटवरही यासाठी वेगळं बटण असतं. पडदा काळा झाला की सगळ्या माना आपोआप आपल्याकडे वळतात, खोटं वाटत असेल तर करून बघा. आणि जे बोलायचंय ते खाली नोट्समध्ये लिहायचं, प्रेझेंटर व्ह्यूमध्ये ते फक्त आपल्याला दिसतं, लोकांना नाही.

आता मॉर्फ. हे ट्रान्झिशन, म्हणजे एका स्लाइडवरून दुसरीवर जाताना होणारा बदल, नव्या व्हर्जनमध्येच आहे, पण माझं सगळ्यात लाडकं. एका स्लाइडवर वस्तू इथे, पुढच्या स्लाइडवर तीच वस्तू तिथे, मधलं सरकणं पॉवरपॉइंट स्वतः करतं. मी यावर पायथागोरसचं प्रमेय शिकवते, ते जरा सविस्तर सांगते कारण कुणालाही अर्ध्या तासात जमेल.

एक पिवळा चौरस काढायचा, १४ बाय १४ सेंमी. त्यावर चार निळे काटकोन त्रिकोण, शेप्समध्ये तयार मिळतो, त्याची उंची ८ आणि रुंदी ६ टाकायची, म्हणजे कर्ण आपोआप १०. पहिला तसाच, बाकीचे ९०, १८० आणि २७० अंशात फिरवून एकेक कोपऱ्यात बसवायचे, काटकोन कोपऱ्यात घट्ट. मधे एक तिरका पिवळा चौरस उरतो, त्याची बाजू १०. झाली पहिली स्लाइड. आता ती डुप्लिकेट करायची, आणि या दुसऱ्या स्लाइडवर तेच त्रिकोण फक्त सरकवून दोन-दोनच्या जोड्या लावायच्या, दोन आयत होतात, ते समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवायचे. फिरवायचं काही नाही, आणि गंमत म्हणजे चारपैकी एकाला हलवावंही लागत नाही, तीनच सरकतात. आता पिवळी जागा दोन तुकड्यांत उरते, एक ८ बाय ८, एक ६ बाय ६. दुसऱ्या स्लाइडला मॉर्फ लावला की क्लिक केल्यावर त्रिकोण अलगद सरकतात आणि तिरका चौरस फुटून त्याचे दोन सरळ चौरस होतात. चारही त्रिकोण सारखेच असल्यामुळे कधीकधी मॉर्फचा गोंधळ होतो, कोणता कुठे जायचा ते त्याला कळत नाही, मग सिलेक्शन पेनमध्ये, म्हणजे स्लाइडवरच्या वस्तूंच्या यादीत जाऊन प्रत्येकाला दोन उद्गारचिन्हांनी सुरू होणारं वेगळं नाव द्यायचं आणि दोन्ही स्लाइडवर तेच ठेवायचं, की ऐकतं.

पण खरी मजा क्लिक करण्यात नाही, क्लिक करून झाल्यावर बी दाबण्यात आहे. त्रिकोण सरकले, पडदा काळा. "पिवळी जागा वाढली का कमी झाली?" अर्धा वर्ग ओरडतो कमी झाली, कारण मोठ्या एका चौरसाच्या जागी दोन बारके आले ना. काही जण म्हणतात वाढली. मी गप्प. एकदा असंच चाललेलं असताना एक एरवी तोंडही न उघडणारी मुलगी हळूच म्हणाली, "त्रिकोण तेच आहेत, बाहेरचा चौरस तोच आहे, मग जागा जाईल कुठे?" संपला की विषय! ६४ अधिक ३६ बरोबर १०० हे फळ्यावर मी नंतर लिहिलं, पण लिहायची गरज नव्हती.

दुसरा खेळ टाइल्सचा. एखादा फोटो पूर्ण स्लाइडभर लावायचा आणि त्यावर १६ चौकोन टाकून झाकून टाकायचा. प्रत्येक चौकोनाला नाहीसं होण्याचं अ‍ॅनिमेशन, आणि ट्रिगर म्हणून तोच चौकोन, म्हणजे ज्याला टिचकी माराल तोच जाईल. एक चौकोन नीट झाला की कंट्रोल डी दाबून बाकीचे काढायचे. मी पानाच्या खालच्या बाजूचा सूक्ष्मदर्शकातला फोटो लावते, पर्णरंध्रांचा, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांचा. मुलं एकेक टाइल उघडायला सांगतात आणि अंदाज मारत बसतात, नकाशा, कातडी, पाण्यातले किडे... मग एक रंध्र पूर्ण उघडं पडलं की हमखास कुणीतरी "ओठ!" म्हणून ओरडतं आणि वर्ग खो खो हसतो. हसू दे. ते दोन ओठ म्हणजे दोन रक्षक पेशी, पाण्याने फुगल्या की तोंड उघडतं आणि ढिल्या पडल्या की मिटतं, हे नंतर सांगायला दोन मिनिटं पुरतात. पर्णरंध्राची व्याख्या मीही लहानपणी तोंडपाठ केली होती, डोळ्यांसमोर मात्र कधीच काही आलं नव्हतं.

यात एक खाच आहे आणि मी त्यात तोंडावर पडलेय. टाइलवर नेम धरून क्लिक केलं आणि केसभर बाजूला लागलं तर पॉवरपॉइंट सरळ पुढच्या स्लाइडवर जातं. पुढच्या स्लाइडवर काय, तर उत्तर. तीसेक मुलांसमोर! तर ट्रान्झिशन्सच्या टॅबमध्ये ऑन माउस क्लिक नावाची खूण आहे ती काढून टाकायची, मग माउस कुठेही लागला तरी स्लाइड हलत नाही, आपण कीबोर्डवरच्या बाणाने पुढे जायचं. आणि मुलांच्याच हातात कॉम्प्युटर द्यायचा असेल तर सेट अप स्लाइड शोमध्ये किऑस्कचा पर्याय निवडायचा, त्यात बाणसुद्धा चालत नाहीत, आपण दिलेली बटणं आणि लिंकच चालतात. यावर गोष्टी करता येतात, डावीकडचं दार उघडलं तर या स्लाइडवर, उजवीकडचं उघडलं तर त्या स्लाइडवर. नुसत्या लिंक आणि अ‍ॅनिमेशनवर किती लांब जाता येतं म्हणाल तर टॉम वाइल्डनहेन नावाच्या पठ्ठ्याने २०१७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका गमतीच्या परिषदेत पॉवरपॉइंटमध्ये चक्क ट्युरिंग मशीन, म्हणजे संगणकाचं मूळ कागदी मॉडेल, चालवून दाखवलं होतं. आपल्याला तेवढं नको, आपली दोन दारं पुरे.

बाकी ते उड्या मारणारे शब्द, टाळ्यांचा आवाज, टाइपरायटरची टकटक, हे सगळं मी काढून टाकलंय. पहिल्या वेळी मुलं हसतात, तिसऱ्या वेळी वैतागतात. हललं तर काहीतरी कळण्यासाठी हललं पाहिजे.

मुलांना पीपीटी करायला लावलं की तीही आपलीच नक्कल करतात, इंटरनेटवरून उचललेले परिच्छेद. त्यावर मला जपानमधला एक प्रकार उपयोगी पडला. अ‍ॅस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या वास्तुविशारदांनी २००३ साली टोकियोत पेचाकुचा सुरू केलं, २० स्लाइड्स, प्रत्येकीला २० सेकंद, स्लाइड आपोआप पुढे जाते, बरोबर ६ मिनिटं ४० सेकंदांत भाषण बंद. मुलांसाठी मी ६ स्लाइड्स ठेवल्या, म्हणजे दोन मिनिटं. नियम एकच, स्लाइडवर चित्र आणि फार तर तीन शब्द. पहिल्याच दिवशी एका मुलीची स्लाइड पुढे निघून गेली आणि ती अजून मागच्याच ज्वालामुखीवर, क्षणभर गांगरली आणि मग म्हणाली, "हा जो आत्ता पळाला ना, त्याच्याबद्दलच सांगतेय." सगळ्यात जास्त टाळ्या तिला मिळाल्या.

आता फॉन्टचं रडगाणं, मराठीत पीपीटी करणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी गायलेलं. एका ट्रेनिंगला मी पेनड्राइव्ह घेऊन गेले, तिथल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली आणि माझं सगळं मराठी म्हणजे इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं. जुना बिगर युनिकोड फॉन्ट होता, तो तिथे नव्हता. चूक माझीच. मग बी दाबलं आणि तासभर फळ्यावर शिकवलं, वाईट झालं नाही खरं. तेव्हापासून युनिकोडच, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक असतो ती पद्धत, आणि सेव्हच्या ऑप्शन्समध्ये फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करायची, म्हणजे सोबत भरून ठेवायची सोय आहे ती चालू. पीडीएफ करून नेणं सुरक्षित असतं पण त्यात टाइल्स, मॉर्फ सगळं मरतं, मग आपली लपवाछपवीच संपली.

त्या पायथागोरसची फाइल एका मुलाने मागून नेली होती, मला वाटलं घरी दाखवायला. चार दिवसांनी परत आला. त्याने माझे काटकोन त्रिकोण काढून तिथे दुसरेच घातले होते, काटकोन नसलेले, आणि ते चौरसाच्या कोपऱ्यात बसवायला गेलं की कुठे फट राहत होती, कुठे एकमेकांवर चढत होते. फाइलचं नाव ठेवलं होतं "पायथागोरस बिघडला". म्हणाला, "मॅडम, कसंही फिरवलं तरी बसत नाहीये, का?" त्या दिवशी धडा दुसराच होता, पण मी प्रोजेक्टर लावला आणि त्याला म्हटलं, ये, तूच सरकव.