तुम्ही विचारलंत म्हणून: ऑब्जेक्टचं जेसन कसं करायचं?

इंदूरच्या रामबागेतली कॉलेजची पोरं भेटली की प्रश्न ठरलेला, "काका, पायथनच्या ऑब्जेक्टचं जेसन करतोय तर टाइप एरर येतोय." येणारच ना भिया! जेसन म्हणजे डेटा पाठवायचा-साठवायचा साधा मजकूर, त्याला स्ट्रिंग (मजकूर), नंबर, ट्रू-फॉल्स, नल, लिस्ट आणि की-व्हॅल्यूच्या जोड्या एवढंच कळतं, तुमचा ऑर्डर नावाचा क्लास त्याच्या खिजगणतीतही नाही.

बहुतेक जण काय करतात, ऑब्जेक्टवर व्हार्स (त्यातली फील्डं काढून देणारं फंक्शन) चालवून जी डिक्शनरी मिळते ती तशीच डम्प्सला, म्हणजे जेसन बनवणाऱ्या फंक्शनला देतात. साध्या ऑब्जेक्टला चालतं, पण आत डेटटाइम किंवा दुसरा ऑब्जेक्ट निघाला की परत तोच एरर, आणि यूजरचा ऑब्जेक्ट असेल तर पासवर्डचा हॅशपण गुपचूप बाहेर, ते तर कोणी बघतच नाही. त्यापेक्षा डम्प्सला डिफॉल्ट नावाच्या पॅरामीटरमध्ये एक छोटं फंक्शन द्या, डम्प्सला जे जमत नाही तेवढंच तिथे येतं: तारीख आली तर आयसोफॉरमॅट, डेसिमल आला तर स्ट्रिंग. डेसिमलचा फ्लोट (अंदाजे साठणारा अपूर्णांक) करू नका बरं, पैशांचा मामला आहे.

डेटाक्लास (मुख्यतः डेटा ठेवायचा क्लास) असेल तर डिक्शनरी करून देणारा अ‍ॅजडिक्ट आहे, आतले डेटाक्लासपण उलगडतो, तारखा मात्र तशाच ठेवतो. ओआरजेसन (वेगळी लायब्ररी) फास्ट आहे, डेटाक्लास, तारखा आपणहून करतो, फक्त स्ट्रिंगच्या जागी बाइट्स देतो. जेसनपिकल (हीपण लायब्ररीच) अख्खा ऑब्जेक्ट क्लासच्या नावासकट ठेवतो, पण बाहेरून आलेला डेटा त्यानं उघडायचा नाही, नको तो कोड चालू शकतो.

मी स्वतः क्लासमध्ये टू-डिक्ट नावाची मेथड लिहितो, बाहेर जाणारं एकेक फील्ड हातानं. टायपिंग वाढतं, वाढू दे, उद्या कोणी क्लासमध्ये नवीन फील्ड घातलं तरी ते आपोआप बाहेर जात नाही. जावास्क्रिप्टमध्ये ही सोय आधीपासूनच आहे, ऑब्जेक्टला टू-जेसन मेथड असली की जेसन बनवणारा स्ट्रिंगिफाय तीच बोलावतो. नसली तर तो बराच माल चुपचाप गाळतो, अनडिफाइन्ड गायब, मॅपचे नुसते रिकामे कंस.

आणि हो, "इंदूर लिहिलं तर बॅकस्लॅश यू ०९०७ असलं काहीतरी येतं" म्हणणाऱ्यांसाठी: डेटा बिघडलेला नाहीये, लोड केलात की इंदूरच निघेल. डोळ्यांनी वाचायचं असेल तर डम्प्समध्ये एन्शुअर-आस्की फॉल्स करा आणि फाइल उघडताना यूटीएफ-८ सांगा, विंडोजवाल्यांनी तर नक्कीच.