मी प्रभुभोजनाला जाऊ का? तुम्ही विचारलंत म्हणून

महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे चर्चमध्ये येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा प्रभुभोजनाचा दिवस, जवळ आला की हा प्रश्न मला हमखास येतो. कधी फोनवर, कधी तलावपाळीला फेरी मारताना, कधी बायबल क्लास सुटल्यावर चपला शोधताना. "बाई, यांचं पिणं अजून सुटलं नाही, मी कुठल्या तोंडानं पुढे जाऊ?" "बाई, मन शांत नाही, या महिन्यात राहू दे ना?" आणि पाठोपाठ ते वचन, तोंडपाठ: अयोग्य प्रकारे ही भाकर खाणारा, हा प्याला पिणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो. येशूचा प्रेषित पौल यानं करिंथच्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेलं, करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय अकरावा.

माझं उत्तर आहे, जा. पण का जा, हे सांगायला मी करिंथची गोष्ट काढते आणि मग दुसरा प्रश्न येतो, बहुधा तरुण मंडळींकडून: "दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक लोकांचं आम्हाला काय करायचंय? वचन थेट आमच्याशी बोलतं ना?" बोलतं. पण कुणाला काय म्हटलं होतं ते न बघता ऐकलं, तर भलत्याच माणसाच्या अंगावर येतं. या वचनाचं नेमकं तेच झालंय.

करिंथ हे ग्रीसमधलं दोन बंदरांचं शहर. रोमनांनी ते इ.स.पू. १४६ मध्ये धुळीला मिळवलं आणि ज्युलियस सीझरनं इ.स.पू. ४४ मध्ये पुन्हा वसवलं. वसायला आलेल्यांत मुक्त झालेले गुलाम बरेच. पौलाच्या वेळेपर्यंत तिथे नवा पैसा खेळत होता. तिथल्या मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समुदायात, मात्र बहुतेक साधी माणसं. तुमच्यात कुलीन फार नाहीत, असं पौलच पहिल्या अध्यायात सुनावतो. फार नाहीत, पण काही होते. सगळ्या मंडळीचा पाहुणचार करणारा गायस होता, नगराचा कारभार बघणारा एरास्त होता. पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी दोघांचीही नावं आहेत.

चर्चची इमारत वगैरे काही नव्हती. जमायचं ते कुणाच्या तरी ऐसपैस घरात, आणि प्रभुभोजन म्हणजे खरंखुरं जेवण, पोटभर. आपल्यासारखा भाकरीचा चिमूटभर तुकडा आणि औषधाच्या मापाएवढा पेला नव्हे. रविवारची सुट्टीही नव्हती. ती रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं इ.स. ३२१ मध्ये काढलेल्या हुकमानंतरची. म्हणजे ज्याला धन्याचं काम होतं, बंदरावर ओझी वाहायची होती, तो दिवस मावळल्यावर येणार. ज्याच्या हाताशी वेळ होता तो आधीच येऊन बसलेला, स्वतःचं जेवण आणि द्राक्षारस घेऊन.

रोमन घरातल्या जेवणाच्या खोलीत तीन बाजूंना तीन बैठका असत, एकेकीवर तिघं कलंडून जेवत. झाले नऊ. बाकीच्यांनी चौकात बसायचं. ताटात काय पडणार तेही माणूस बघून ठरे. प्लिनी नावाच्या रोमन वकिलाचं एक पत्र आहे, पौलानंतर चाळीसेक वर्षांचं. कुणाकडे तरी तो जेवायला गेला होता. यजमानानं उंची पदार्थ स्वतःसमोर आणि मोजक्या पाहुण्यांसमोर ठेवले, इतरांना हलकंसलकं. द्राक्षारसाच्या छोट्या सुरया तीन प्रतींच्या: एक आपल्यासाठी, दुसरी कमी दर्जाच्या मित्रांसाठी, तिसरी मुक्त गुलामांसाठी. प्लिनी काही संत नव्हता, पण त्यालाही हे खटकलं.

करिंथच्या त्या घरात कोण कुठल्या खोलीत बसलं होतं ते पौल सांगत नाही. ते अभ्यासकांचं अनुमान. या भांडणामागे श्रीमंत-गरीब दरी होती, हे गेर्ड थाइसन या जर्मन अभ्यासकानं १९७०च्या दशकात नीट मांडलं. पण जे घडलं ते पौलाच्याच शब्दांत आहे. जो तो आपलंच आधी उरकतो, एक भुकेला राहतो तर एक झिंगतो, आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता. त्याच अकराव्या अध्यायातल्या ओव्या, म्हणजे वचनं, २१ आणि २२. उघड उघड पंक्तिप्रपंच, आणि तोही प्रभूच्या नावानं.

आमच्या मंडळीतली निम्मी घरं नगर, जालना, सोलापूरकडून आलेली. गावजेवणात आपल्या आज्या-पणज्यांना कुठे बसवत, कधी वाढत आणि किती उंचावरून, हे त्यांना कुणी इतिहास म्हणून शिकवावं लागत नाही. वागळे इस्टेटमधल्या कंपनीत जन्म काढलेले एक दादा क्लासला येतात. शेवटच्या बाकावर बसतात, सहसा बोलत नाहीत. या दोन ओव्या मी मोठ्यानं वाचल्या तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुस्तक जवळ ओढलं, पुन्हा स्वतःशीच वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे हे आमच्या बाजूनं लिहिलेलं होतं!"

होतंच. पौल ओरडतोय तो लवकर येऊन जेवणाऱ्यांवर. आज दंडाच्या भीतीनं बाकावर बसून राहते ती कामाला जाणारी, नवऱ्याचा मार खाणारी, कर्जात बुडालेली बाई. फिर्यादीच आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला आहे.

हे असं का होतं, त्याचं कारण साधं आहे. आपल्याकडे उपासनेत हे वाचन बहुधा २३व्या ओवीपासून सुरू होतं, "ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आलं" तिथून. पुढे अयोग्य आणि दंड येतात. मागचं भुकेलं-झिंगलेलं प्रकरण वाचलंच जात नाही. मग अयोग्य म्हणजे काय, ते ऐकणारा आपापल्या मनातून भरतो, आणि गरिबाच्या मनात स्वतःबद्दल भरायला वाईट गोष्टींची कमी कधीच नसते.

ज्यांना हे सुनावलं होतं त्यांच्यासारखे मात्र निवांत. दक्षिणेत तंजावरकडच्या मंडळ्यांत जातवार बसायचं आणि प्रभुभोजनालाही जातवारीनंच पुढे यायचं, अशी रीत होती. १८३३ मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांनी ती बंद करायला फर्मावलं, तेव्हा कित्येकांनी चर्च सोडलं, पण रीत सोडली नाही. त्यांच्यापैकी कुणाला हे वचन आठवून रात्रीची झोप लागली नसेल, असं मला वाटत नाही.

"पण आत्मपरीक्षा करा असं लिहिलंय ना?" लिहिलंय. पुढचंही वाचा: आत्मपरीक्षा करावी आणि मग खावं. घरी बसावं असं कुठेही नाही. पुढे शरीर न ओळखता खाण्यापिण्याचं आहे. काही जण इथे शरीर म्हणजे प्रभुभोजनातली भाकर असं घेतात, काही जण शरीर म्हणजे मंडळी. मी दुसऱ्या बाजूची, कारण आदल्याच अध्यायात पौल म्हणतो की भाकर एक, म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत. शेजारी उपाशी बसलेला ज्याला दिसत नाही, त्याला शरीर ओळखता आलं नाही.

तिसावी ओवी मात्र मला आजही जड जाते. म्हणूनच तुमच्यात पुष्कळ जण दुर्बल आणि रोगी आहेत, काही मेलेही, असं पौल म्हणतो. करिंथची सगळी माहिती पुढ्यात मांडली तरी तिची धार बोथट होत नाही. आजारी माणसाच्या घरात ती ओवी काढणाऱ्याला मी एवढंच म्हणते की हे पौलानं एका मंडळीला उद्देशून लिहिलं, आजाऱ्याच्या उशाशी बसून नाही. आणि उपाय सांगताना तोच पौल मला जरा मवाळ वाटतो. एकमेकांची वाट पाहा, भूक लागली असेल तर घरी खाऊन या. बस? त्या नऊ जणांना चौकात बसवायचं होतं.

यावर एकानं मला सुनावलं, "बाई, तुमचा तो काळ-वेळ-संदर्भ म्हणजे पळवाट आहे. सगळं सोपं करून टाकता." नेहमी नाही. एक ताई जावेशी अबोला धरून आहेत. त्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय काढून विचारतात: वेदीजवळ अर्पण आणलं आणि आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जावं, मग माझं काय? हे येशू बोलला गालीलात, डोंगरावर. ऐकणाऱ्या यहुद्यांसाठी वेदी एकच, यरुशलेमच्या मंदिरात, चालत तीन-चार दिवसांवर. म्हणजे इतकं चालून गेलेल्या माणसानं अर्पण तिथेच सोडून गालीलात परत यायचं, भावाशी बोलायचं आणि पुन्हा तेवढंच चालत जायचं. आठवडा सहज गेला. ऐकणाऱ्यांच्या पोटात गोळाच आला असेल. ताईंची जाऊ कळव्याला राहते. त्यांना म्हटलं, प्रभुभोजनाला या, पण शनिवारी कळव्याला जाऊन या, रिक्षाचे पैसे मी देते. अजून गेलेल्या नाहीत.