रोड राइड आणि ट्रायथलॉन, दोन्हीसाठी एकच सायकल निवडताना

रविवारी सिंहगड किंवा खंबाटकी आणि वर्षातून एकदा गोव्यातल्या ७०.३ (हाफ आयर्नमॅन) ट्रायथलॉनमधले सायकलचे ९० किलोमीटर, एवढं एकाच सायकलवर करायचं होतं. म्हणून टीटी (टाइम ट्रायल, म्हणजे एकट्याने घड्याळाशी शर्यत करायची) बाइक यादीतून आधीच काढली. केबलवर चालणाऱ्या टीटी बाइकचे गिअर एरोबारच्या (कोपरं टेकवून धरायच्या, पुढे आलेल्या दांड्यांच्या) टोकाला आणि ब्रेक खालच्या हँडलवर असतात. घाटात ब्रेक सोडल्याशिवाय गिअर बदलता येत नाही. ग्रुपमध्ये चाकामागे चाक लावून जाताना तर कोपरं टेकवून बसलेला माणूस पुढे-मागे कुणालाच नको असतो. ड्राफ्टिंगला, म्हणजे पुढच्याच्या आडोशाने चालवायला, मुभा असलेल्या शर्यतींत टीटी बाइक चालतच नाही. उलट हौशी गटातली लांब पल्ल्याची ट्रायथलॉन, जिथे दुसऱ्याच्या आडोशाने चालवायला बंदी असते, ती क्लिप-ऑन (साध्या हँडलवर आवळून बसवायचे) एरोबार लावलेल्या रोड बाइकवर आरामात होते.

पण त्यासाठी कुठलीही रोड बाइक चालत नाही. दुकानात वजन आणि गिअरसेट यांवरच सगळी चर्चा होते. मी आधी हँडल आणि सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) पाहिले.

क्लिप-ऑनचा क्लॅम्प बहुतेक वेळा ३१.८ मिमीच्या गोल नळीसाठी असतो. स्टेमच्या (हँडल फ्रेमला जोडणाऱ्या तुकड्याच्या) दोन्ही बाजूंना तेवढा गोल, सरळ भाग मोकळा हवा. वरून चपट्या एरो हँडलवर क्लॅम्प बसत नाही. स्टेम-हँडल एकसंध असेल तर त्याच कंपनीचा जोड मिळतो का, हे पैसे देण्याआधी विचारावं. कार्बन हँडलला क्लॅम्प चालतो असं मॅन्युअलमध्ये छापलेलं असेल तरच लावावा, दुकानदाराच्या "चालतं हो" वर नाही. साधं ॲल्युमिनियमचं गोल हँडल या कामाला सगळ्यात बिनधोक. सीटपोस्टही गोल, २७.२ मिमीचा असेल तर मागे न झुकणारा सरळ पोस्ट सहज मिळतो. डी-आकाराच्या पोस्टला कंपनीच्याच मॉडेलवर थांबावं लागतं.

हा सरळ पोस्ट इतका महत्त्वाचा का? रोड बाइकच्या सीट-ट्यूबचा कोन साधारण ७३ अंश असतो, टीटीचा ७६ ते ८०. रोडच्या बैठकीतच कोपरं खाली टेकवली की मांडी पोटाला भिडते, श्वास आखडतो आणि माणूस नकळत सीटच्या टोकाकडे घसरतो. तिथूनच बधिरपणा सुरू होतो. सीट २ ते ४ सेंटीमीटर पुढे घेतली की कंबरेचा कोन मोकळा होतो. मात्र पुढे सरकवल्यावर सीट पॅडलच्या जवळ येते, म्हणून प्रत्येक सेंटीमीटरला साधारण ३ मिमी वर उचलायची. हे न करता फक्त पुढे ढकलली तर गुडघ्याची पुढची बाजू दुखू लागते. आणि सीटच्या रेलवर (सीटखालच्या दोन दांड्यांवर) छापलेल्या खुणांच्या बाहेर क्लॅम्प आवळू नये; कार्बनचे रेल तिथेच तुटतात.

यावर माझा उपाय म्हणजे दोन पोस्ट आणि दोन सीट. रोडचा पोस्ट मागे झुकलेला, त्यावर नेहमीची सीट. शर्यतीचा सरळ, त्यावर दुभंगलेल्या तोंडाची सीट. दोन्ही पोस्टवर उंचीची खूण इलेक्ट्रिकच्या टेपने केली की अदलाबदल एका ॲलन कीचं काम. वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर चालवणाऱ्यालाही दुसरी सायकल ठेवायला गॅलरीत जागा नसते, त्यापेक्षा हे बरं.

फ्रेमच्या बाबतीत एन्ड्युरन्स भूमिती (लांब राइडच्या आरामासाठी बनवलेली ठेवण) टाळली. तिची पुढची बाजू मुळातच उंच, त्यावर एरोबारच्या कोपर टेकवायच्या उशा हँडलच्या आणखी काही सेंटीमीटर वर येतात. मग छाती वाऱ्याला तशीच सामोरी जाते आणि एरोबारचा खर्च फुकट. मधली, शर्यतीकडे झुकणारी फ्रेम घेऊन स्टेमखाली स्पेसर (उंची वाढवणाऱ्या कड्या) ठेवावेत: रोडला स्पेसर आहेत तसे, शर्यतीला लागलाच तर एखादा काढायचा. दोन साइझच्या मध्ये असाल तर धाकटा घ्या. कोपरं टेकवल्यावर मोठ्या फ्रेमवर हात फार लांबतात आणि १०० मिमीचा स्टेम ८० वर आणला तरी पुरत नाही.

गिअरला पुढे ५०-३४ दातांच्या चकत्या आणि मागे ११-३४. घाट चढायला लागतंच, आणि गोव्याच्या दमट उन्हात पाय जपायलाही. इलेक्ट्रॉनिक गिअर घेणार असाल तर लिव्हरला बाहेरची बटणं जोडता येतात का ते विचारा, सगळ्या मॉडेलांना ती सोय नसते. नसेल तर गिअरसाठी दरवेळी एरोबारवरून उठावं लागतं, सपाट रस्त्यावर ते सहन होतं.

चाकाला २८ मिमीचे टायर. पुढची रिम फार खोल नको. एरोबारवर वजन पुढे येतं, हात जवळ असतात आणि समुद्राकडून आडवा वारा आला की ८० मिमीची रिम हँडल ओढते. शर्यतीपुरती ५० मिमीची चाकं भाड्याने आणणारे एक गोष्ट हमखास विसरतात: सोबतच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह. ४८ मिमीचा व्हॉल्व्ह त्या रिममधून बाहेरच येत नाही. ८० मिमी व्हॉल्व्हची ट्यूब बॅगेत टाका.

एरोबारचे बोल्ट त्यावर छापलेल्या टॉर्कइतकेच, बहुतेक ५ ते ६ न्यूटन-मीटर, आणि पहिल्या खडबडीत राइडनंतर पुन्हा तपासा. उशा हळूहळू खाली फिरतात. हँडलच्या आणि एरोबारच्या चारही टोकांना बुचं हवीत. उघडी नळी दिसली तर तपासणीत सायकल आत घेत नाहीत.