थ्रेडच्या फाइलमधून काय काढून टाकायचं

लिनक्स, मॅक आणि विंडोज या तिन्हींवर चालणारी सी भाषेतली कुठलीही जुनी लायब्ररी उघडून बघा. तिच्यात थ्रेडसाठी (एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामांसाठी) एक फाइल असते, दर चार ओळींनी एक इफडेफ (कुठल्या सिस्टिमवर कुठला कोड घ्यायचा ते सांगणारी ओळ) असतो आणि वर्षानुवर्षं तिला कुणी हात लावलेला नसतो. चालतंय ना, मग राहू दे. ही फाइल फुगते त्याचं मुख्य कारण म्हणजे नकला. जुन्या सिस्टिममध्ये जे नव्हतं ते हाताने उभं केलेलं असतं, आणि ती सिस्टिम गेल्यावरही ते तिथेच राहतं. त्यामुळे कोडला हात लावण्याआधी एक वाक्य लिहायचं: कमीत कमी कुठलं विंडोज, कुठली सी लायब्ररी, कुठला कंपायलर. हे वाक्य रीडमीमध्ये येईपर्यंत एकही ओळ काढू नये. नाहीतर प्रत्येक इफडेफपाशी तोच वाद नव्याने घालावा लागतो.

विंडोजच्या बाजूला या एका वाक्याने सर्वात जास्त कोड जातो. एक्सपीत कंडिशन व्हेरिएबल (अट पुरी होईपर्यंत थ्रेडला झोपवून मग हाकेने उठवणारं साधन) नव्हतं, हलकं लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत घेणारं कुलूप) नव्हतं, एकदाच चालणारं इनिशियलायझेशनही नव्हतं. व्हिस्टात तिन्ही गोष्टी आल्या: एसआरडब्ल्यू नावाचं हलकं लॉक, कंडिशन व्हेरिएबल आणि इनिट-वन्स. एक्सपीचा विस्तारित सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. तरी किमान पातळी व्हिस्टा न लिहिता विंडोज ७ लिहावी, कारण एसआरडब्ल्यूवरचं ट्राय-लॉक (लॉक मोकळं नसेल तर न थांबता परतणं) ७ मध्ये आलं आणि लायब्ररीत ते कुठेतरी लागतंच.

एक्सपीसाठी कंडिशन व्हेरिएबलची नक्कल बहुतेकांनी इव्हेंटवर (विंडोजच्या पेटवता-विझवता येणाऱ्या खुणेवर) केली होती, आणि त्यातल्या बऱ्याच चुकीच्या आहेत. आपोआप रीसेट होणारा इव्हेंट दोनदा पेटवला आणि मधे कुणी जागं झालं नसेल, तर दोन हाकांची एकच हाक होते. दुसरा थ्रेड झोपूनच राहतो. सगळ्यांना उठवायला पल्स-इव्हेंट वापरला असेल तर तो वापरू नका असं मायक्रोसॉफ्टच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय: कर्नल वाट पाहणाऱ्या थ्रेडला क्षणभर बाजूला काढतो, नेमकी तेव्हाच पल्स आली तर ती वाया जाते. टेस्टमध्ये हे सापडत नाही. एखाद्या वापरकर्त्याकडे आठवड्यातून एकदा प्रोग्रॅम हँग होतो एवढंच कळतं. असा कोड दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, तो पुसावा.

अशी सफाई मोठ्या लायब्रऱ्यांनी उघडपणे केली आहे आणि त्यांचे जुने कमिट वाचण्यासारखे आहेत. जीनोमच्या जीलिब लायब्ररीत थ्रेड म्हणजे आधी एक ऐच्छिक भाग होता. त्याची लायब्ररी वेगळी, प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच बोलवायचं इनिट फंक्शन वेगळं, आणि हवं तर संपूर्ण फंक्शन टेबलच बदलून स्वतःचे थ्रेड बसवायची सोय. ती सोय जवळपास कुणालाच लागत नव्हती, पण प्रत्येक लॉकला ‘थ्रेड सुरू झालेत का’ हा प्रश्न विचारावा लागे. मार्च २०१२ च्या २.३२ आवृत्तीत ते टेबल गेलं, इनिटची गरज गेली, आणि स्टॅटिक म्युटेक्स व साधा म्युटेक्स (म्युटेक्स म्हणजे लॉकच) हे दोन प्रकार एक झाले. एन्क्रिप्शनच्या ओपनएसएसएल लायब्ररीची गोष्ट जास्त बोधक आहे. १.०.२ पर्यंत ती लायब्ररी स्वतः लॉक करतच नसे. किती लॉक हवेत ते तिला विचारायचं, तेवढ्या म्युटेक्सचा ॲरे करायचा आणि कॉलबॅक (लायब्ररीने बोलवायचं आपलं फंक्शन) द्यायचा, ही सगळी जबाबदारी प्रोग्रॅमची. एकाच प्रोसेसमधल्या दोन लायब्रऱ्यांनी आपापला कॉलबॅक लावला की शेवटचा टिकायचा. तो लावणारं प्लगिन मेमरीतून उतरलं की पॉइंटर हवेत लटकायचा. ऑगस्ट २०१६ च्या १.१.० मध्ये लॉकिंग लायब्ररीच्या आत आलं. जुनी नावं रिकामे मॅक्रो म्हणून ठेवली, म्हणजे जुना कोड कंपाइल होत राहिला.

ओपनएसएसएलची रचनाही उचलण्यासारखी आहे: पीथ्रेडसाठी (लिनक्स-मॅकवरच्या थ्रेड फंक्शनांसाठी) एक फाइल, विंडोजसाठी एक, थ्रेडच नकोत अशा बिल्डसाठी एक. फंक्शनच्या पोटात इफडेफ घालण्यापेक्षा बिल्ड सिस्टिमने फाइल निवडावी. निवडताना विंडोज आधी तपासा. मिनजीडब्ल्यूमध्ये (विंडोजसाठी बिल्ड करणाऱ्या जीसीसी संचात) पीथ्रेडचं हेडर सापडतं, त्यामुळे ‘पीथ्रेड आहे का’ हे आधी विचारलं तर विंडोजच्या बिल्डला नकळत विनपीथ्रेडची (विंडोजवरच्या पीथ्रेडची) डीएलएल चिकटते, आणि ती सोबत नसलेल्या मशीनवर प्रोग्रॅम सुरूच होत नाही.

मग सरळ सी११ चे (२०११ च्या सी स्टँडर्डमधले) थ्रेड वापरले तर? हेडर आता बऱ्याच ठिकाणी आहे: जीलिबसी (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) २.२८ मध्ये २०१८ साली आलं, व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ च्या १७.८ मध्ये २०२३ साली. पण स्टँडर्डमध्ये तो भाग ऐच्छिक आहे, त्याच्या म्युटेक्सला स्टॅटिक इनिशियलायझर नाही आणि वेळेची मर्यादा घालून वाट पाहायची तर ती भिंतीवरच्या घड्याळाने (मशीनच्या बदलता येणाऱ्या वेळेने) मोजली जाते. लायब्ररीला या तिन्ही गोष्टी अडतात. स्वतःची पातळ फाइल ठेवावी हे माझं मत आहे.

त्या फाइलमध्ये सर्वात आधी म्युटेक्सचा अर्थ ठरवा. विंडोजचं जुनं लॉक, क्रिटिकल सेक्शन, एकाच थ्रेडला पुन्हा आत घेतं. पीथ्रेडचा साधा म्युटेक्स आणि एसआरडब्ल्यू लॉक तसं करत नाहीत, तिथे तोच थ्रेड स्वतःचीच वाट पाहत अडकतो. त्यामुळे क्रिटिकल सेक्शन काढून एसआरडब्ल्यू बसवलं की इतकी वर्षं लपलेलं दुहेरी लॉकिंग एकदम वर येतं. हा बदल दोन टप्प्यांत करा. आधी डीबग बिल्डमध्ये लॉकसोबत मालक थ्रेडचा आयडी ठेवा आणि तोच थ्रेड पुन्हा आला तर असर्ट करा (प्रोग्रॅम तिथेच थांबवा). पीथ्रेडकडे हे फुकटात मिळतं: एररचेक प्रकारचा म्युटेक्स ईडेडएलके (‘स्वतःमुळेच अडकाल’) ही चूक परत करतो. सगळ्या टेस्ट आणि उदाहरणं यावर स्वच्छ चालली की मगच लॉक बदला.

स्टॅटिक म्युटेक्स शून्याने भरला की झालं, हा समज लिनक्सवर खपतो. मॅकवर पीथ्रेडच्या इनिशियलायझरमध्ये एक ठराविक खूणसंख्या असते. ती नसेल तर लॉक ईइनव्हॅल (‘किंमत चुकीची’) ही चूक परत करतो. परत आलेली किंमत कुणी तपासत नसेल तर लॉक लागलंच नाही हेसुद्धा कळत नाही, दोन थ्रेड एकाच वेळी आत शिरतात. लॉक आणि अनलॉकची किंमत तपासा, शून्य नसेल तर अबॉर्ट करा. इथे हळुवारपणा नको.

म्युटेक्सचं स्ट्रक्चर पब्लिक हेडरमध्ये ठेवू नका, हेही आत्ताच. ६४ बिटवर पीथ्रेडचा म्युटेक्स जीलिबसीमध्ये एक्स८६ वर ४० बाइट, मॅकवर ६४. एसआरडब्ल्यू लॉक ८ बाइट. आकार एकदा बाहेर दिसला की तो एबीआयचा (आधीच कंपाइल झालेल्या प्रोग्रॅमशी असलेल्या कराराचा) भाग होतो आणि पुढची प्रत्येक सुधारणा अडते.

आता वेळ घालून वाट पाहणं. सर्वात जास्त चुका इथे होतात. पीथ्रेडला निरपेक्ष वेळ लागते, विंडोजला आत्तापासून किती मिलिसेकंद ते लागतं, आणि मॅकवर कंडिशन व्हेरिएबलचं घड्याळ बदलायची सोय नाही. तिथे सापेक्ष वेळ घेणारं स्वतंत्र फंक्शन आहे. आपल्या फाइलचं बाहेरचं रूप एकच ठेवा: मोनोटॉनिक (कधीच मागे न जाणाऱ्या) घड्याळावरची अंतिम वेळ, नॅनोसेकंदात, ६४ बिटमध्ये. लिनक्सवर कंडिशन तयार करतानाच ॲट्रिब्यूटमध्ये मोनोटॉनिक घड्याळ लावा. न लावल्यास रिअलटाइम घड्याळ धरलं जातं, आणि कुणी मशीनची वेळ एक तास मागे घेतली की तुमचा थ्रेड एक तास जास्त झोपतो.

रूपांतरात तीन खड्डे आहेत. पहिला: नॅनोसेकंदाचा आकडा १,००,००,००,००० च्या आत हवा. २०० मिलिसेकंद नुसते मिळवले आणि हातचा सेकंदात नेला नाही, तर सरासरी पाचातल्या एका वेळी मर्यादा ओलांडते, फंक्शन न थांबता ईइनव्हॅल देऊन परततं, आणि बाहेरचा लूप पूर्ण वेगाने फिरत सीपीयू खातो. ‘कधीकधी सीपीयू १०० टक्के जातो’ अशी तक्रार आली की आधी हेच बघावं. दुसरा: विंडोजसाठी मिलिसेकंद करताना वरच्या बाजूला पूर्णांक करा. ०.४ चं शून्य केलं तर शेवटच्या मिलिसेकंदात तोच फिरणारा लूप येतो. तिसरा: तिथे मिलिसेकंद ३२ बिटमध्ये जातात आणि सगळे बिट १ असलेला आकडा म्हणजे ‘कायम थांब’. साधारण ४९.७ दिवसांपेक्षा मोठी मुदत आली तर ती कापून लूपमध्ये उरलेली वेळ पुन्हा मोजा. खोटी जाग (हाक नसतानाही थ्रेड उठणं) तिन्ही सिस्टिमवर येऊ शकते, तेव्हा अट तपासणारा लूप हवाच.

थ्रेड सुरू करताना विंडोजवर सीआरटीचं (तिथल्या सी लायब्ररीचं) बिगिनथ्रेड-ईएक्स वापरा. ईएक्स नसलेलं फंक्शन थ्रेड संपल्यावर हँडल आपणच बंद करतं, मग जॉइन करायला हातात काही उरत नाही. फंक्शन पॉइंटर कास्ट करून चालवण्याचा मोह टाळा. ६४ बिटवर ते निभावतं, पण ३२ बिटवर कॉलिंग कन्व्हेन्शन (फंक्शन बोलवायची पद्धत) वेगळं असल्याने स्टॅक बिघडतो. छोटं मधलं फंक्शन लिहा, आणि त्याला द्यायचा डेटा मॅलॉकने घ्या. बोलावणाऱ्याच्या स्टॅकवरचा पत्ता दिला तर नवा थ्रेड तो वाचेपर्यंत तिथे दुसरंच काही आलेलं असतं.

स्टॅकचा आकार नेहमी स्वतः सांगा. न सांगता जीलिबसीवर सहसा ८ एमबी मिळतात, विंडोजवर १ एमबी, मॅकवर दुय्यम थ्रेडला ५१२ केबी आणि मसलवर (अल्पाइन लिनक्सच्या सी लायब्ररीवर) १२८ केबी. रिकर्सिव्ह पार्सर लिनक्सवर चालतो आणि अल्पाइनच्या कंटेनरमध्ये क्रॅश होतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

थ्रेड रद्द करण्याची सोय देऊ नका. अँड्रॉइडच्या बायोनिक या सी लायब्ररीत पीथ्रेड-कॅन्सल नाहीच, आणि विंडोजचं टर्मिनेट-थ्रेड लॉक हातात असतानाच थ्रेड मारतं. ‘थांब’ असा एक झेंडा आणि एक कंडिशन पुरते.

थ्रेड-लोकल डेटाचा (प्रत्येक थ्रेडच्या खासगी डेटाचा) डिस्ट्रक्टर, म्हणजे थ्रेड संपताना चालणारं सफाईचं फंक्शन, जरा नाजूक आहे. लायब्ररी डीएलक्लोजने मेमरीतून उतरली, पण ज्या थ्रेडने ती वापरली तो जिवंत असेल, तर तो संपताना नसलेल्या पत्त्यावर उडी मारतो. उतरताना त्या डेटाची की (key) पुसली तर क्रॅश टळतो, पण जिवंत थ्रेडची मेमरी गळते. मला बरा वाटणारा उपाय म्हणजे लायब्ररी उतरूच न देणं: लिनक्सवर लिंकरला नोडिलीट, विंडोजवर मॉड्यूल पिन करणं. विंडोजच्या साध्या टीएलएसला (थ्रेड-लोकल साठ्याला) डिस्ट्रक्टर नसतो, म्हणून तिथे एफएलएस (फायबर-लोकल साठा) घ्यावं.

लिनक्सवरचा एक जुना जुगाडही आता काढता येतो. प्रोग्रॅम पीथ्रेडशी लिंक झालाय का हे वीक सिंबॉलवरून (लिंक करताना सापडलं नाही तर शून्य राहणाऱ्या नावावरून) ओळखून लॉक टाळायचे, असा कोड बऱ्याच ठिकाणी आहे. स्टॅटिक लिंकिंगमध्ये यातले काही सिंबॉल येतात, काही शून्य राहतात आणि शून्य पत्त्यावर कॉल होतो. जीलिबसी २.३४ मध्ये, २०२१ साली, पीथ्रेड मुख्य लायब्ररीतच विलीन झालं. बिल्डमध्ये थ्रेडचा फ्लॅग राहू द्या, ओळखण्याचा कोड पुसा.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी फाइल तीन भागांत तोडा, वागणूक तसूभरही न बदलता. मग रीडमीत ठरलेल्या किमान पातळीखालच्या सिस्टिमचा कोड काढा. लॉकची अदलाबदल सर्वात शेवटी, एका कमिटमध्ये एकच सिस्टिम, म्हणजे बायसेक्ट केल्यावर (चूक आणणारा कमिट यादी अर्धी-अर्धी करत शोधल्यावर) नेमकं बोट ठेवता येतं. प्रत्येक टप्प्यावर थ्रेडसॅनिटायझर (लॉकशिवाय एकाच डेटाला हात लावणारे थ्रेड पकडणारं टूल) चालवा. क्लँगच्या डॉक्युमेंटेशनप्रमाणे वेग ५ ते १५ पटींनी मंदावतो आणि मेमरी ५ ते १० पट लागते, तेव्हा टेस्टच्या वेळमर्यादा आधीच वाढवून ठेवा. सुटे मेमरी फेन्स (वाचन-लेखनाचा क्रम पाळायला लावणाऱ्या सूचना) त्याला समजत नाहीत. ते वापरले असतील तर त्यांच्या जागी ॲक्वायर-रिलीज ॲटॉमिक (तोच क्रम स्वतः पाळणारं व्हेरिएबल) घातल्यास टूलला कळतं आणि वाचणाऱ्यालाही.

एआरएम६४ प्रोसेसरचं एक मशीन टेस्टमध्ये असू द्या. झेंड्यासाठी नुसतं व्होलाटाइल (‘ही किंमत दर वेळी मेमरीतून वाच’ असं कंपायलरला सांगणारा शब्द) वापरलेला कोड एक्स८६ वर अनेक वर्षं चालतो, कारण तिथे मायक्रोसॉफ्टचा कंपायलर मुळात व्होलाटाइललाच ॲक्वायर-रिलीजचा अर्थ देतो. एआरएमवर त्याच कंपायलरचं डीफॉल्ट वेगळं आहे, तिथे झेंडा आधी दिसतो आणि त्यामागचा डेटा नंतर. असे झेंडे शोधायला ग्रेप (मजकूर शोधणारं टूल) पुरतो. सापडलेला प्रत्येक झेंडा ॲटॉमिक करा, किंवा शेजारी म्युटेक्स असेल तर त्याच्या आत घ्या.