हाड जुळलं, मनगट उठेना

जुलैत शाळेतून परतताना स्कूटर घसरली आणि मी उजव्या दंडावर पडले. कळ मस्तकात जात होतीच, पण खरी भीती वाटली ती दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, "मनगट वर उचला बघू." मी सगळा जीव एकवटला, तरी पंजा लोंबतच राहिला. अंगठा आणि तर्जनीच्या मधली, हाताच्या मागची कातडीही बधिर होती.

दंडाचं हाड मध्यावर मोडलं होतं. मग मनगट का पडावं? डॉक्टरांनी कागदावर आकृती काढली. काखेतून निघालेली रेडियल नर्व्ह, म्हणजे स्नायूंना निरोप पोचवणारी नस, दंडाच्या हाडाला मागून वळसा घालत, अगदी खेटून, बाहेरच्या बाजूला येते. हाड मोडलं की ती ताणते किंवा चेंगरते. कोपर सरळ करणाऱ्या स्नायूच्या फांद्या तिला वरच फुटतात, म्हणून माझं कोपर शाबूत होतं. मनगट आणि बोटं उचलणारे स्नायू खाली, तिथवर निरोपच पोचत नव्हता. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून कुणी रात्रभर गाढ झोपलं, तरी हीच नर्व्ह दबून सकाळी पंजा पडतो म्हणे.

"बहुतेक वेळा ही आपोआप परत येते. थांबू या," ते म्हणाले.

हाडाचं फार सांगण्यासारखं नाही. आधी स्लॅब म्हणजे अर्धं प्लास्टर, मग ब्रेस म्हणजे दंडाला आवळून धरणारा पट्टा, उशांना टेकून बसल्या बसल्या झोप. 12 आठवड्यांत हाड जुळलं.

मला खडू धरता येत नव्हता, याचं मात्र नवल वाटे. बोटं मिटणारे स्नायू तर चांगले होते! तुम्हीच मनगट पूर्ण खाली वाकवून मूठ घट्ट आवळून बघा. जोर येत नाही. पकडीला मनगट किंचित वर लागतं. मनगट वर धरून ठेवणारा स्प्लिंट घातला, त्या दिवशी मी पहिल्यांदा चमचा नीट धरला.

सासूबाईंचा आग्रह गावच्या हाडवैद्याकडे जायचा. "तेल लावून चोळलं की नस मोकळी होते गं." मी म्हटलं, "आई, मोडलेल्या हाडावर चोळणं नको." त्या रुसल्या नाहीत. फिजिओथेरपिस्ट ताईंकडून शिकून सासूबाईच दिवसातून 3 वेळा माझी बोटं एकेक करून उचलायच्या, सांधे आखडू नयेत म्हणून. माझ्या हाताची खरी राखण त्यांनी केली.

चौथ्या आठवड्यात सुया टोचून स्नायूंची तपासणी झाली. नर्व्हच्या आतल्या तंतूंना इजा झाली होती. ते नव्याने वाढतात दिवसाला साधारण 1 मिलिमीटर, महिन्याला जेमतेम इंचभर. डॉक्टर दंडावरून खाली टिचकी मारत यायचे. एका जागी झिणझिण्या थेट हाताच्या मागे उतरायच्या. तंतू तिथवर पोचले, असा त्याचा अर्थ. मी तिथे बॉलपेनने ठिपका काढायचे. पुढच्या महिन्यात ती जागा ठिपक्याच्या खाली सरकलेली असली की घरी येईपर्यंत मला धीर असायचा. ती सरकली नसती, तर ऑपरेशन करून बघावं लागलं असतं.

चौथा महिना सरता सरता ताईंनी कोपर वाकवायला सांगितलं आणि माझंच बोट कोपराखालच्या स्नायूवर ठेवलं. तो बोटाखाली टणक झाला. त्या म्हणाल्या, "हा पहिला." मी तिथेच रडले. मग हात टेबलावर आडवा ठेवला की मनगट थोडं सरकू लागलं, आणि सहाव्या महिन्यात ते वर उठलं. मागोमाग बोटं आली.

आता फळ्यावर तारीख मीच लिहिते. अंगठा अजून पूर्ण येत नाही. त्याचा नंबर शेवटचा. रोज सकाळी तळहात टेबलावर टेकवून मी तेवढा एकटा अंगठा उचलून बघते.