ईमॅक्स लॉग: इनिट फाइलमधलं जर-तर गेलं, डिर-लोकल्स आलं

तर मंडळी, ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरची इनिट फाइल (सुरू होताना तो वाचतो ती सेटिंगची फाइल) आवरायला काढली होती ती एकदाची आवरली. मेन दुखणं एकच होतं, प्रोजेक्ट तीन आणि इनिट फाइल एक. एक पायथनचा, चार स्पेसवाला. दुसरा मायक्रोकंट्रोलरसाठी सी मधला, त्यात लिनक्स कर्नलची स्टाइल म्हणजे खरे टॅब आणि रुंदी ८. तिसऱ्याला प्रोजेक्ट म्हणावं की नाही माहीत नाही, आजोबांची जुनी वही मी ऑर्ग मोडमध्ये (मोड म्हणजे त्या त्या प्रकारच्या फाइलीसाठी ईमॅक्सची वागायची पद्धत, ऑर्ग हा टिपणांसाठीचा) मराठीत टाइप करतोय ते फोल्डर. या तिघांसाठी मी फाइंड-फाइल-हुकमध्ये (हुक म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या फंक्शनची यादी, हा फाइल उघडल्यावरचा) पाथ बघून "यात हा शब्द असेल तर हे, नाहीतर ते" असं काहीतरी चिकटवून ठेवलेलं, दोन-तीन वर्षं चाललंही, मग एक दिवस फोल्डरचं नाव बदललं आणि सी च्या फाइलींमध्ये गुपचूप स्पेस घुसले. कळलं कधी? गिट डिफमध्ये, म्हणजे काय बदललं ते दाखवतात तिथे, अख्खी फाइल लाल-हिरवी दिसली तेव्हा.

डिर-लोकल्सची, म्हणजे फोल्डरनुसार सेटिंग ठेवायची, सोय ईमॅक्स २३.१ पासून आहे, म्हणजे २००९ पासून, आणि मी आत्ता वापरतोय. असो. प्रोजेक्टच्या मुळाशी डिर-लोकल्स नावाची एक डॉट फाइल ठेवायची, तिच्यात मोडचं नाव आणि त्यापुढे व्हेरिएबल-व्हॅल्यूच्या जोड्या. मोडच्या जागी निल लिहिलं की सगळ्या मोडना लागू. कंसांचा आणि टिंबांचा खेळ हाताने करायला गेलो तर दोनदा चुकलो, एकदा सवयीने सुरुवातीला कोटचं चिन्ह टाकलं (तिथे ते नको असतं), एकदा व्हॅल्यूच्या जागी कॉनकॅट या स्ट्रिंग जोडणाऱ्या फंक्शनचा कॉल लिहिला. तिथे काहीही इव्हॅल्युएट होत नाही, लिहाल ते जसंच्या तसं व्हॅल्यू म्हणून बसतं. म्हणून आता सरळ ॲड-डिर-लोकल-व्हेरिएबल ही कमांड मारतो, ती मोड विचारते, व्हेरिएबल विचारते आणि कंस स्वतः बसवते.

सी वाल्यात सी-फाइल-स्टाइल लिनक्स आणि इंडेंट-टॅब्स-मोड चालू, काम फत्ते. शिवाय कंपाइल-कमांड (कोड बिल्ड करायची कमांड) तिथेच टाकली, आता कंट्रोल-एक्स पी सी दाबलं की त्या त्या प्रोजेक्टची बरोबर मेक कमांड समोर येते, हे फार म्हणजे फारच भारी वाटतं. फक्त एक लक्षात ठेवा, फाइल बदलली म्हणून आधीच उघडलेल्या बफरना (म्हणजे ईमॅक्समध्ये उघड्या असलेल्या फाइलींना) काही कळत नाही, रिव्हर्ट-बफर किंवा नॉर्मल-मोड मारावं लागतं. यात माझी पंधरा मिनिटं गेली, तुमची वाचवा.

मग सबफोल्डरचा घोळ. सी प्रोजेक्टमध्ये एक व्हेंडर फोल्डर आहे, दुसऱ्याचा कोड, दोन स्पेसवाला. म्हटलं तिथे वेगळी डिर-लोकल्स ठेवू, वरची आणि ही मिळून चालतील. नाही चालत! ईमॅक्स फाइलपासून वर वर जातो आणि पहिली जी सापडेल तिथे थांबतो, वरचीशी मर्ज वगैरे करत नाही. त्यामुळे व्हेंडरमध्ये माझी कंपाइल-कमांडच गायब. उपाय असा की मुळातल्याच फाइलमध्ये मोडच्या जागी सबफोल्डरचं नाव स्ट्रिंग म्हणून लिहायचं आणि त्याच्या आत त्याची सेटिंग. आणि स्वतःपुरत्या गोष्टींसाठी डिर-लोकल्स-२ नावाची दुसरी फाइल, २६.१ मध्ये आलेली, पहिलीच्याच शेजारी ठेवायची आणि गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) टाकायची, म्हणजे माझे लाड बाकीच्यांच्या माथी मारले जात नाहीत.

आता खरा किस्सा, यात अख्खा शनिवार गेला. पायथनमध्ये मला सेव्ह करताना फॉरमॅटर (कोडची मांडणी नीट करणारा प्रोग्रॅम) हवा होता, पण फक्त माझ्या प्रोजेक्टमध्ये, दुसऱ्यांच्या रेपोत नको. म्हणून माझं स्वतःचं एक व्हेरिएबल केलं, डिर-लोकल्समध्ये टी (म्हणजे चालू, निल म्हणजे बंद) लावलं, आणि पायथन-बेस-मोड-हुकमध्ये लिहिलं की हे टी असेल तर बिफोर-सेव्ह-हुकला फॉरमॅटर जोड. चालेना. कंट्रोल-एच व्ही करून बघितलं तर ईमॅक्स छातीठोकपणे सांगतोय की व्हॅल्यू टी आहे, डिरेक्टरी-लोकल आहे, अमुक फाइलमधून आलीये. हुकमध्ये मेसेज टाकून छापलं तर निल. च्यायला, दोघं खरं कसं बोलतायत? तर दोघंही खरंच बोलत होते, कारण आधी मोडचे हुक चालतात आणि लोकल व्हेरिएबल त्यानंतर बसतात, हुक बिचारा बघतो तेव्हा व्हॅल्यू अजून आलेलीच नसते, आणि मी हाताने बघतो तोवर ती येऊन बसलेली असते. मग मोड-हुकमधून हॅक-लोकल-व्हेरिएबल्स-हुकवर बफरपुरतं माझं फंक्शन लटकवलं, आणि तपासणी तिथे केली. पहिल्या फटक्यात चाललं. एग्लॉट-एन्शुअर (कोड समजून मदत करणाऱ्या लँग्वेज सर्व्हरशी ईमॅक्स जोडणारं फंक्शन) मात्र मोड-हुकमध्ये ठेवलं तरी निभावतं, कारण ते जोडणीचं काम पोस्ट-कमांड-हुकवर ढकलतं आणि तोपर्यंत सगळं जागेवर आलेलं असतं. याच कारणाने मी इतके दिवस गाफील राहिलो.

डिर-लोकल्समधलं व्हेरिएबल सेफ आहे का म्हणून विचारणारी खिडकी सगळ्यांना त्रास देते, मलाही द्यायची. माझ्या त्या व्हेरिएबलला सेफ-लोकल-व्हेरिएबल म्हणून बूलिअन-पी (व्हॅल्यू टी किंवा निलच आहे ना ते बघणारं फंक्शन) लावल्यावर ते थांबलं. उद्गारचिन्ह दाबून कायमचं हो म्हणता येतं, पण मग ते कस्टमच्या (ईमॅक्स स्वतः लिहितो त्या सेटिंगच्या) ब्लॉकमध्ये लिहिलं जातं आणि आत्ताच घासूनपुसून ठेवलेल्या इनिट फाइलमध्ये जाऊन बसतं, म्हणून आधी कस्टम-फाइल वेगळी करा. वैतागून एनेबल-लोकल-व्हेरिएबल्स थेट :ऑल (न विचारता सगळंच मान्य) करू नका हो. इव्हल (म्हणजे "हा कोड चालव") लिहिलेला दुसऱ्याचा कोड तुमच्या मशीनवर फाइल उघडताक्षणी चालेल. २०१२ मध्ये तर :सेफ (सेफ तेवढंच मान्य) ठेवलेल्यांकडेही इव्हल न विचारता चालण्याचा बग निघाला होता, २४.२ मध्ये तो बुजवला.

आजोबांच्या वहीच्या फोल्डरमध्ये मजा आली. ऑर्ग-मोडखाली डिफॉल्ट-इनपुट-मेथड देवनागरी-आयट्रान्स (इंग्रजी अक्षरांतून देवनागरी टाइप करायची पद्धत) लावली, आता त्या फोल्डरमध्ये कंट्रोल-बॅकस्लॅश दाबलं की मराठी, बाकीकडे जे होतं ते. लांब ओळी मोडून दिसाव्यात म्हणून इव्हलमध्ये व्हिज्युअल-लाइन-मोड १ लिहिलं, विचारेल वाटलं होतं, विचारलं नाही. नाव मोडने संपणाऱ्या फंक्शनला रिकामं किंवा १, ०, उणे १ देऊन बोलावलं तर ईमॅक्स ते निरुपद्रवी धरतो. वहीत आजोबांनी भुईमुगाचे भाव लिहिलेत आणि मधेच एका पानावर फक्त "पाऊस नाही". टाइप करताना तिथे थांबायला होतं.

दोन लॅपटॉपवर एक फरक दिसला तो सांगतो. जुन्यावर ईमॅक्स २९ आहे, तिथे पायथन-टीएस-मोड (ट्री-सिटर या पार्सरवर चालणारा नवा पायथन मोड) लावला की पायथन-मोडखाली लिहिलेलं काहीच लागू होत नाही, पायथन-बेस-मोड लिहावं लागतं. ३० मध्ये ट्री-सिटरवाले मोड जुन्या मोडची पोरं म्हणून जाहीर केलेत, त्यामुळे जुनंच चालतं. मी दोन्हीकडे बेस-मोडच ठेवलंय. एडिटरकॉन्फिगही (अनेक एडिटरांना चालणारी सेटिंगची फाइल) ३० मध्ये आतच आलंय, टॅब-स्पेसपुरतं हवं असेल आणि टीममध्ये व्हीएसकोडवाले असतील तर तेच बरं.

आता राहिलाय रास्पबेरी पाय. त्या छोट्या कॉम्प्युटरवरच्या फाइली ट्रॅम्पने (दुसऱ्या मशीनवरच्या फाइली ईमॅक्समधून उघडायची सोय) उघडतो आणि तिथे डिर-लोकल्स ढिम्म, कारण एनेबल-रिमोट-डिर-लोकल्स मुळात निल असतं. चालू केलं तर प्रत्येक फाइलमागे वरच्या सगळ्या फोल्डरमध्ये नेटवर्कवरून शोधाशोध, आणि माझं वायफाय आतल्या खोलीत आधीच रडतं. त्यापेक्षा डिर-लोकल्स-सेट-डिरेक्टरी-क्लासने सेटिंग इनिटमधूनच त्या पाथला चिकटवता येतात का ते रविवारी बघतो. हो, म्हणजे परत इनिट फाइलमध्ये पाथ आला, कळतंय मला.