सगळेच नाही की एकही नाही?

अकरावीला कला शाखेत मी तर्कशास्त्र घेतलं ते पाठांतर कमी म्हणून. निरुपाधिक विधानांच्या, म्हणजे कुठलीही अट न घालता होकार किंवा नकार देणाऱ्या विधानांच्या धड्याला बाईंनी फळ्यावर ए, ई, आय, ओ अशी चार अक्षरं लिहिली. लॅटिनमधल्या ‘अफिर्मो’ म्हणजे ‘मी होकार देतो’ यातले ए आणि आय हे स्वर होकारार्थी विधानांना, ‘नेगो’ म्हणजे ‘मी नकार देतो’ यातले ई आणि ओ नकारार्थींना. ए म्हणजे ‘सगळे आहेत’, ई म्हणजे ‘एकही नाही’, आय म्हणजे ‘काही आहेत’, ओ म्हणजे ‘काही नाहीत’. एवढं लक्षात राहिलं आणि मला वाटलं, धडा समजला.

मग बाईंनी विचारलं, “‘सगळ्यांनी गृहपाठ केला आहे’ हे खोटं असेल, तर खरं काय?”

मी लगेच म्हणालो, “कुणीच केलेला नाही.”

“केलाय त्यांनी उभं राहा.” जवळजवळ अख्खा वर्ग उभा राहिला. शेवटच्या बाकावर दोघं बसून होती. बाई म्हणाल्या, “एवढी दोघं पुरे. एकानंसुद्धा भागलं असतं.” आणि त्यांनी ती चार अक्षरं चौकोनाच्या चार कोपऱ्यांत मांडून ए पासून ओ पर्यंत तिरपी रेघ ओढली. दोन विधानांपैकी एक खरं तर दुसरं खोटं आणि एक खोटं तर दुसरं खरं, हा व्याघात मला त्या रेघेत दिसला.

बाईंची खरी कमाल मराठीत होती. ‘सगळे आंबे गोड नाहीत’ हे ई की ओ? वर्गात दोन तट पडले. बाईंनी ‘सगळे’ला नुसता ‘च’ जोडला. ‘सगळेच आंबे गोड नाहीत’ झालं ओ. ई हवं असेल तर ‘एकही आंबा गोड नाही’ म्हणा. रोज बोलतो त्या भाषेत एवढं बळ एका अक्षराला असतं, हे तोवर मला कुणी दाखवलं नव्हतं.

पदव्याप्तीनं, म्हणजे विधानातलं पद त्याच्या अख्ख्या वर्गाबद्दल बोलतं (व्याप्त असतं) की नाही या प्रश्नानं, मात्र दिवाळीपर्यंत पिच्छा पुरवला. ‘काही आंबे गोड नाहीत’ या ओ विधानात उद्देश्य (‘आंबे’) ‘काही’पुरतंच, मग विधेय (‘गोड’) व्याप्त कसं? मधल्या सुट्टीत बाईंनी माझ्या वहीच्या मागच्या पानावर वर्तुळ काढलं. “या गोड वस्तू. तुझे ते काही आंबे यात नाहीत म्हणतोस, म्हणजे यातल्या कुठल्या भागात नाहीत?” कुठल्याच नाहीत. म्हणजे बोलणं अख्ख्या वर्तुळाबद्दल होतं!

आज मी वृत्तपत्रात उपसंपादक आहे. परवा रात्री बातमी आली, ‘सर्व अर्ज पात्र ठरले नाहीत’. वार्ताहराला फोन लावला, “एकही नाही, की काही नाहीत?” बरेच पात्र ठरले होते. ‘काही अर्ज अपात्र’ असा मथळा केला आणि पान सोडलं.